तबकडीचे भोक आणि दरबारीचा गांधार

काही वर्षांपूर्वी एम.ए.च्या एका विद्यार्थिनीने अंतर्गत मूल्यमापनासाठी एक निबंध लिहिला होता. विषय तिचाच : दरबारी कानड्याच्या एका ध्वनिमुद्रणाचे सौंदर्यविश्लेषण. दरबारीतला कोमल गांधार आंदोलित असतो, हे संगीताची जुजबी ओळख असलेल्यालाही ठाऊक असते. तिचे निरीक्षण त्यापुढचे होते. तिने असे दाखवले की या गायनात आंदोलन गांधारापुरते राहत नाही, हळूहळू ते इतर स्वरांत झिरपते आणि अखेरीस षड्जसुद्धा संथपणे डोलू लागतो. हे डोलणे जवळपास दोन सेकंदांचे आहे, लय बदलली तरी ते बदलत नाही, आणि राग शेवटाकडे सरकतो तसे ते अधिक खोल होत जाते. यावरून तिने गायकाच्या कालभानाविषयी एक प्रमेय मांडले होते. ज्या स्वरावर सगळे उभे असते तोच डळमळीत करण्याचे हे धाडस, असे काहीसे तिचे शब्द होते. मी वीसपैकी अठरा गुण दिले आणि समासात ‘मूलगामी’ असा शेरा मारला.

तो शेरा मागे घ्यावा लागला, त्याची ही हकिगत. आणि त्यातून माझे जे मत बनले आहे ते साहित्याच्या अध्यापकांपुढे मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू.

माझे एक स्नेही निवृत्त अभियंते आहेत. वयाने मला वडील, तरी मला ‘सर’ म्हणतात. मी त्यांना काका म्हणतो. त्यांना तो निबंध आणि ती ध्वनिफीत (म्हणजे संगणकावरची एमपी-थ्री फाईल, जुना शब्द हातातून सुटत नाही) मोठ्या कौतुकाने ऐकवली. त्यांनी दोन मिनिटे ऐकले आणि विचारले, “सर, गायक डोलतोय हे खरंच. पण तंबोरा का डोलतोय?”

तंबोरा डोलत होता. त्याच संथ आवर्तनात, त्याच खोलीने. ते मला ऐकू आले नव्हते, याचे कारण माझे कान वाईट आहेत हे नव्हे. मी निबंध वाचून मग ऐकले होते, हे खरे कारण. त्यांनी घड्याळ लावून दहा डोलणी मोजली : अठरा सेकंद. मिनिटाला ३३⅓ फेरे घेणाऱ्या एल.पी. तबकडीला एका फेऱ्याला नेमके १.८ सेकंद लागतात. गायकाचे कालभान म्हणून आम्ही ज्याला डोक्यावर घेतले ते तबकडीचे भोक होते. मधले भोक खाचांच्या केंद्रापासून किंचित बाजूला पडले की प्रत्येक फेऱ्यात खाच सुईखालून एकदा जरा वेगाने आणि एकदा जरा सावकाश जाते, आणि स्वर त्याप्रमाणे वर-खाली होतो. तबकडीच्या कडेला खाचेची त्रिज्या सुमारे १४६ मिलिमीटर असते, शेवटी ६० मिलिमीटरच्या आसपास. चूक तेवढीच राहते, त्रिज्या मात्र घटत जाते. म्हणून शेवटाकडे हे डोलणे जवळजवळ अडीचपट होते. ‘राग सरकतो तसे आंदोलन खोल होत जाते’ हे विद्यार्थिनीचे निरीक्षण अक्षरशः बरोबर होते. चुकला होता तो कर्ता.

ती फाईल कुठून आली, हेही सांगायला हवे. एका ग्रंथालयाने आपल्याकडच्या ध्वनिमुद्रिकांचे ‘अंकीकरण’ करून घेतले. कंत्राटदाराने तबकड्या नेल्या, सीडी आणून दिल्या, कपाट रिकामे झाले, तबकड्या रद्दीत गेल्या. काकांनी त्यांतला एक गठ्ठा त्या रद्दीवाल्याकडूनच उचलला होता. त्यामुळे ज्या तबकडीवरून ती फाईल झाली ती तबकडी त्यांच्या घरी होती. वेष्टनावर ग्रंथालयाचा जांभळा शिक्का, दाखल क्रमांकासकट. पुढच्या रविवारी मी ती त्यांच्या टर्नटेबलावर पाहिली. ‘पाहिली’ हाच शब्द बरोबर आहे, कारण ऐकण्याआधी दिसले.

त्यांच्याकडे एमिनेंट टेक्नॉलॉजीचा ईटी-२ हा टोनआर्म आहे. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात टॅलाहासी येथे ब्रूस थिग्पेन यांनी १९८० च्या दशकात तो तयार केला. याला एअर-बेअरिंग टोनआर्म म्हणतात, आणि तो काय करतो हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

मूळ तबकडी कोरली जाते तेव्हा कोरणारे टोक एका सरळ रेषेत, कडेकडून केंद्राकडे, त्रिज्येवरून सरकते. न्यूमन किंवा स्कली यांच्या कर्तन-यंत्रांची रचनाच तशी असते. आपण ऐकतो तेव्हा मात्र सुई एका खुंटीभोवती फिरणाऱ्या हाताच्या टोकाला असते, म्हणून ती कमानीतून जाते. कोरताना सरळ रेषा, वाचताना कमान. हात थोडा लांब ठेवून आणि सुईचे घर तिरके बसवून ही तफावत कमी करता येते. एरिक लोफग्रेन यांनी १९३८ मध्ये तिचे गणित मांडले. नेहमीच्या लांबीच्या हातात ही कोनाची चूक दोन अंशांच्या आसपास राखता येते आणि संपूर्ण बाजूवर फक्त दोन ठिकाणी ती शून्य होते. म्हणजे खुंटीवरचा हात एका तबकडीत दोनदाच तंतोतंत बरोबर वाचतो. बाकीचा वेळ तो जवळपास बरोबर असतो. शिवाय त्या तिरकेपणामुळे सुई सतत केंद्राकडे ओढली जाते, त्यावर उतारा म्हणून उलट दिशेने ताण द्यावा लागतो, आणि तो उताराही प्रत्येक क्षणी पुरेसा किंवा नेमका नसतो.

यावरचा सरळ उपाय म्हणजे हातालाच सरळ रेषेत सरकवणे. एडिसनच्या १८७७ च्या फोनोग्राफात ते आपोआपच होत असे, कारण तिथे तबकडीच नव्हती, नळकांडे होते. बर्लिनरची सपाट तबकडी आली आणि हा प्रश्न घेऊन आली. डेन्मार्कच्या बँग अँड ओलुफसेन कंपनीने १९७२ च्या बिओग्राम ४००० मध्ये मोटरीने सरकणारा हात बसवला. त्याला आपली चूक कळते आणि मग तो ती दुरुस्त करतो. एअर-बेअरिंग हातात मोटर नाही. एक गुळगुळीत नळी एका बाहीत असते, बाहीच्या सूक्ष्म छिद्रांतून दाबाखाली हवा सोडली जाते, आणि नळी हवेच्या पातळ थरावर तरंगते. कुठेही धातू धातूला लागत नाही. नळीला जोडलेला हात मग तबकडीच्या खाचेनेच ओढला जातो. त्याला चालवणारे दुसरे काही नसते. खाच जिथे नेईल तिथे जायचे.

इथवर वाचल्यावर साहित्याच्या माणसाला मोह होणारच. मला झाला. घर्षण नाही, स्वतःची खुंटी नाही, म्हणजे दृष्टिकोन नाही. लेखकाने ज्या वाटेने लिहिले त्याच वाटेने जाणारा आदर्श वाचक! पण काकांनी तो हात जुळवताना मी तीन-चार रविवार बसलो आणि हे रूपक जवळजवळ प्रत्येक रविवारी मोडत गेले.

पहिली गोष्ट, समतलपणा. घर्षण नसलेली वस्तू पृथ्वीला सगळ्यात जास्त वश असते. खुंटीवरचा हात टर्नटेबल थोडे कलले तरी निभावून नेतो. तरंगणारा हात उताराला लागतो. हिशेब अगदी सोपा आहे : सरकणाऱ्या भागाचे वजन ३० ग्रॅम धरले आणि टर्नटेबल एका अंशाने कलले, तर बाजूला ओढणारा जोर सुमारे अर्धा ग्रॅम होतो. सुईचा खाचेवरचा दाब जेमतेम दोन ग्रॅम असतो. म्हणजे त्याच्या पाव हिस्सा जोर खाचेच्या एकाच भिंतीवर विनाकारण पडतो, आणि स्टिरिओ तबकडीत एका भिंतीवर डावा आवाज कोरलेला असतो, दुसऱ्या भिंतीवर उजवा. एक दशांश अंशाची चूक चालेल असे ठरवले, तर फूटभर रुंदीच्या टर्नटेबलखाली अर्ध्या मिलिमीटरचा फरक पुरतो. काका प्रथम गवंडी वापरतो तसल्या स्पिरिट लेव्हलने टेबल पाहतात, मग टर्नटेबल, मग हाताची बाही; आणि शेवटी स्पिरिट लेव्हल बाजूला ठेवून हवा चालू करतात, सुई हवेतच राहील असा हात तोलतात आणि नळी मध्यावर सोडून देतात. ती कुठल्या बाजूला निघते, हे पाहायचे. पायाखाली कागदाच्या घड्या घालायच्या, काढायच्या. पाऊस लागला की लाकडी टेबल फुगते आणि हे सगळे पुन्हा. मऊ स्प्रिंगांवर तरंगणारे टर्नटेबल या हाताला चालत नाही, तेही याच कारणाने : हात कडेकडून आत आला की त्याचे वजन सरकते, वजन सरकले की टर्नटेबल कलते, आणि वाचनामुळेच वाचनाचा उतार बदलतो.

समतलपणा साधला तरी तारा उरतात. सुईच्या घरापासून निघणाऱ्या केसासारख्या चार तारा कुठेतरी स्थिर जागी बांधाव्याच लागतात. त्यांचा वळसा किंचित ताठ असला तर तो स्प्रिंगसारखा वागतो, आरंभी हाताला आत ढकलतो, शेवटी बाहेर ओढतो. नळी मध्यावर स्थिर राहते पण दोन्ही टोकांकडून परत येते, असे दिसले की दोष उताराचा नाही, तारांचा. हे निदान मला फार आवडले. बाजूला ओढणारा जोर सगळीकडे सारखा असेल तर त्याचा उगम जमिनीत. जागेप्रमाणे बदलत असेल तर तो हाताच्या स्वतःच्या बांधिलकीत.

मग मागचे वजन. हाताचा तोल सांभाळणारी वजने नळीच्या मागे एका पट्टीवर असतात. जास्त वजने जवळ ठेवली किंवा कमी वजने दूर ठेवली, तरी तोल तोच साधतो. पण आडवे सरकताना एकूण वजन ओढावे लागते, म्हणून तिथे कमी वजने दूर ठेवणे बरे. उभ्या हालचालीत मात्र अंतराचा वर्ग मोजला जातो, म्हणून दूरचे वजन तिथे जड पडते. एकच तोल, दोन दिशांना दोन वेगळी जडत्वे. यात बरोबर उत्तर नाही. सुईचा दांडा किती ताठ, त्यावर निवड.

आणि हवा. पंप आवाज करतो, म्हणून तो काकांच्या मागच्या खोलीत आहे आणि भिंतीतून नळी आली आहे. पंपाची हवा ठोक्याठोक्याने येते. ते ठोके हातात पोचू नयेत म्हणून मध्ये एक हवाबंद टाकी. दाबलेल्या हवेतून पाणी सुटते, म्हणून टाकीच्या पुढे पाणी धरणारा सापळा आणि गाळणी. जून ते सप्टेंबर हा सापळा रोज रिकामा करावा लागतो. पंप तेलाचा चालत नाही; तेलाची वाफ बाहीच्या छिद्रांत बसली की छिद्रे बुजतात. नळी पुसायची ती धागे न सुटणाऱ्या कापडाने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने. “यंत्र कुरकुरलं की तेल घाल, हे आयुष्यभर शिकलो आणि शिकवलं,” काका म्हणाले, “इथे तेवढंच करायचं नाही.” बोटाचा ठसासुद्धा नळीवर नको.

शेवटी वीज. २००५ नंतरची काही वर्षे महाराष्ट्रातल्या लहान गावांनी भारनियमनाची जी सवय अंगी बाणवली ती काकांची गेलेली नाही. वीज गेली की पंप थांबतो, टर्नटेबलाची मोटरही थांबते. पण जड थाळी काही सेकंद फिरत राहते. टाकीतली हवा संपली तर नळी बाहीत बसते, हात गोठतो, आणि खाच मात्र सुईला पुढे ओढत राहते. म्हणून टाकी थोडी मोठी, आणि वीज गेली की आधी हात उचलायचा. आरंभालाही क्रम ठरलेला. “सर, आधी हवा, मग तबकडी, मग सुई.” माझ्या हातून एकदा हा क्रम चुकला, तेव्हा एवढ्या सौम्य माणसाने मला ज्या आवाजात थांबवले तो अजून कानात आहे.

आता त्या रविवारकडे येतो. ग्रंथालयाची तबकडी लावली, सुई टेकवली, आणि तो सगळा हात, नळी, वजने, सारे काही प्रत्येक फेऱ्याला पुढे-मागे झुलू लागले. सुमारे एक मिलिमीटर. डोळ्यांना स्पष्ट दिसत होते. एक सांगितले पाहिजे : स्वराचे डोलणे या हाताने कमी होत नाही. भोक सरकलेले असेल तर कुठलाही हात तो दोष ऐकवणारच. खुंटीवरचा हातही झुलतोच. तिथे लांबचे टोक बारीक हलते आणि आपण पाहत नाही. इथे सबंध हातच लोलकासारखा चालतो आणि न पाहण्याची सोय राहत नाही. काकांनी हात उचलला, भोक कानसीने किंचित मोठे केले, तबकडी अंदाजाने सरकवली, पुन्हा सुई टेकवली, पुन्हा उचलली. दहा-बारा खेपांनंतर हात जवळजवळ निश्चल झाला. केवळ आत सरकत राहिला, मुंगीच्या गतीने. (जपानच्या नाकामिची कंपनीने १९८० च्या दशकाच्या आरंभी हे काम आपोआप करणारे एक टर्नटेबल बनवले होते. ते टर्नटेबल मी चित्रातच पाहिले आहे.)

मग आम्ही ऐकले. षड्ज स्थिर होता. तंबोरा स्थिर होता. गांधार तेवढा आंदोलित होता, आणि ते आंदोलन गायकाचे होते : कधी दीर्घ, कधी नुसता स्पर्श, शब्दाप्रमाणे आणि श्वासाप्रमाणे बदलणारे. आमच्या फाईलमध्ये ते यंत्राच्या आंदोलनाखाली गाडले गेले होते. मिलिमीटरभर झुलण्याने किती बिघडते? ६० मिलिमीटरच्या त्रिज्येवर सर्वांत उंच आणि सर्वांत खालच्या स्वरात सुमारे १.६७ टक्के फरक पडतो. प्रमाणश्रुती म्हणून ज्या ८१:८० या अंतराचा उल्लेख होतो ते १.२५ टक्के. म्हणजे भोकाची चूक एका श्रुतीहून मोठी होती. १९१० मध्ये कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींवरचे आपले पुस्तक प्रसिद्ध केले, त्या कामात अब्दुल करीम खाँसाहेबांनी त्यांना साहाय्य केले होते. श्रुतींचे ते मोजमाप सर्वांना पटले असे नाही, पण कोणत्या अंतरासाठी माणसे आयुष्य वेचत होती याची कल्पना यावी. आपण ते अंतर कंत्राटदाराच्या हाती सोपवले.

इथे माझे मत मांडतो. ध्वनिमुद्रिकेचे अंकीकरण हे कारकुनी काम नव्हे, ते पाठसंपादन आहे. तबकडी ही पोथी, फाईल ही आवृत्ती, आणि टोनआर्म जुळवणारा हा संपादक. सुई कोणत्या आकाराची, दाब किती, गती नेमकी किती, भोक जुळवले की नाही, ध्वनीच्या चढउताराचा कोणता आलेख वापरला, यांतला प्रत्येक निर्णय पाठ ठरवतो. जुन्या ७८ गतीच्या म्हणवल्या जाणाऱ्या तबकड्या तर दर वेळी ७८ वर मुद्रित झालेल्या नसतात. गती चुकली की गायिकेची पट्टी बदलते, वय बदलते. बालगंधर्वांच्या स्वराविषयी आपण जी विधाने नाट्यसंगीताच्या तासाला सहज करतो, ती कोणत्या गतीवर ऐकून करतो हे कधी सांगतो का? राजवाड्यांनी १९०९ मध्ये आपल्याला सापडलेल्या पोथीवरून ज्ञानेश्वरी छापली तेव्हा ती कोणत्या पोथीवरून आहे हेच तिचे पहिले वैशिष्ट्य ठरले, आणि पुढचा सगळा वादही त्या पोथीभोवतीच झाला. छापील ग्रंथाबाबत आपण ‘कुठली प्रत?’ असे विचारल्याशिवाय पुढे जात नाही. ध्वनिमुद्रणाबाबत मात्र ‘नेटवर आहे’ एवढे उत्तर आपल्याला पुरते.

जगात याचे शिस्तशीर संकेत आहेत. ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, म्हणजे आयएएसएने, मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या आहेत. किमान ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट, शक्यतो ९६ किलोहर्ट्झ, अशी मोजमापे त्यांत आहेत. एमपी-थ्री ही जतनाची प्रत होऊच शकत नाही. पण आकडे पाळूनही डोलणारा षड्ज ९६ किलोहर्ट्झमध्ये तितक्याच निष्ठेने डोलेल. आकड्यांच्या आधी हात येतो. आणि हाताच्या आधी, सुई टेकवताना बघत उभा राहणारा माणूस.

आमच्या विभागात हा विषय निघाला तेव्हा दोन आक्षेप आले. पहिला असा, की हवेवर तरंगणारे हात हा सुखवस्तू लोकांचा षोक आहे, महाविद्यालयांना त्याचे काय? हे मला मान्य आहे. स्लोव्हेनियातल्या कुझ्मा कंपनीच्या एअर लाइनसारख्या हाताची किंमत सांगण्यातही अर्थ नाही. इतकेच नव्हे, जुन्या ७८ च्या तबकड्यांना मी या जातीचा हात सुचवणारही नाही. भोक सरकलेले असेल तर ३३⅓ वर हाताला मागेपुढे हलवायला लागणारा जोर क्षुल्लक असतो. तेवढेच भोक ७८ वर साडेपाचपट जोर मागते, आणि तो सुईच्या दांड्यावर पडतो. तिथे खुंटीवरचा साधा, हलका हात बरा. माझे म्हणणे यंत्राच्या जातीविषयी नाही. कोणताही हात असो, तो जुळवला होता का आणि कसा, याची नोंद फाईलसोबत हवी. नोंद ठेवायला कॉम्प्रेसर लागत नाही.

दुसरा आक्षेप एका तरुण सहकाऱ्याचा, आणि तो खरा आमच्या धंद्यातला. तो म्हणाला, “सर, त्या मुलीला जी संहिता मिळाली तिचा तिने अर्थ लावला. तिचा अनुभव खरा होता. कर्ता कोण हे शोधत बसायचं, तर मग बार्थ आपण शिकवतो कशाला?” यावर मी लगेच बोलू शकलो नाही. तिचा निबंध आजही सुंदर आहे. पण तिने विधान केले होते ते गायकाविषयी. ‘हे ध्वनिमुद्रण डोलते’ असे तिने लिहिले असते तर तिला कोणीच हरकत घेतली नसती. ‘तो षड्जाला डळमळवतो’ असे लिहिल्यावर ‘तो’ कोण हे विचारणे भाग आहे, आणि विचारले की उत्तर मुद्रण-कारखान्यातल्या साच्यापाशी जाते. वाचकाला अर्थाचे स्वातंत्र्य आहे म्हणून पाठनिश्चितीतून सुटका होत नाही. उलट वाचक जितका समर्थ तितका पाठदोषाचाही तो उत्तम अर्थ लावतो. सामान्य विद्यार्थ्याला डोलणे ऐकू आले नसते. चूक बळकट झाली ती तिच्या प्रज्ञेमुळे आणि माझ्या शेऱ्यामुळे.

भांडारकर संस्थेत सिद्ध झालेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत, सुखटणकरांनी संपादिलेल्या आदिपर्वात (१९३३), गणपती व्यासांचा लेखनिक झाल्याची कथा मूळ पाठात नाही. हस्तलिखितांचा पुरावा तिच्या विरुद्ध गेला. पण तिला फेकून दिलेले नाही. ती परिशिष्टात आहे. ज्याला हवी त्याने तिथे वाचावी, आणि हे मागाहून आले आहे हे जाणून वाचावी. मला हा तोडगा इतका सभ्य वाटतो की डोलणाऱ्या षड्जालाही मी तोच लावीन.

हा विचार चालू असताना एक गोष्ट आठवत राहते. १९७७ मध्ये दोन व्हॉयेजर यानांसोबत सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकड्या गेल्या, त्यांवर केरीच्या केसरबाई केरकर यांची भैरवी आहे, हे आपण अभिमानाने सांगतो. त्या तबकडीसोबत सुई आणि कार्ट्रिजही पाठवले आहेत, आणि वेष्टनावर कोरलेल्या आकृतीत सुई कुठे टेकवायची आणि एका फेऱ्याला किती वेळ लागला पाहिजे हेही दाखवले आहे : ३.६ सेकंद, म्हणजे मिनिटाला १६⅔ फेरे. ज्यांच्याविषयी आपल्याला काहीच ठाऊक नाही अशा श्रोत्यांसाठी इतकी काळजी घेतली. आपल्या विद्यार्थ्यांसाठी एक ओळसुद्धा लिहिली नाही.

ती विद्यार्थिनी आता एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. तिला बोलावून घेतले. काकांनी आधी हवा सोडली, मग तबकडी ठेवली, आणि तिला समजावे म्हणून भोक मुद्दाम पहिल्यासारखे सरकवून हात झुलताना दाखवला. मग जुळवून ऐकवले. ती बराच वेळ काही बोलली नाही. नंतर म्हणाली, “सर, मार्क कमी करणार का?” आम्ही हसलो. मग तिने विचारले, की गांधाराचे आंदोलन मी आता नव्याने मोजले तर चालेल का, आणि तंबोरा कोणत्या मिनिटाला पुन्हा जुळवला आहे तेही ऐकू येते का? दुसऱ्या बाजूला बाराव्या मिनिटाच्या आसपास खरोखरच एक तार उतरवल्याचा आवाज आहे. तो आम्हा दोघांनाही आजवर ऐकू आला नव्हता.

काकांच्या वहीत त्या तबकडीची नोंद आता अशी आहे : दाखल क्रमांक, सुईचा दाब १.८ ग्रॅम, भोक जुळवले, हाताचे झुलणे जुळवण्याआधी १ मिलिमीटर, नंतर दिसत नाही, हवा कोरडी, तारीख. खाली तिच्या अक्षरात एक ओळ आहे : ‘आधीची फाईल ठेवली आहे, परिशिष्ट पाहा.’ गठ्ठ्यातल्या आणखी चाळीसेक तबकड्या शिल्लक आहेत. पावसाळा उतरला की पुन्हा बसायचे ठरले आहे.